थोरलीला आजोळी पाठवू का?

काकू,
आम्ही फुलेवाडीत राहतो. मला पावणेतीन वर्षांची मुलगी आहे, चिऊ, आणि तीन महिन्यांचा मुलगा. घरात मी, हे आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. ह्यांची शिरोलीला फाउंड्रीत शिफ्ट असते.
बाळ झाल्यापासून चिऊ पार बदलली. बाळाला पाजायला घेतलं की पाठीवर चढते, केस ओढते. परवा बाळाच्या गालावर जोरात चापट मारली. शू सांगायला लागली होती, आता रोज तीन-चार चड्ड्या ओल्या करते. मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही. शेजारच्या बायका चेष्टेनं म्हणतात, "चिऊ, आता तुझं राज्य संपलं." परवा मीही तिला फटका दिला आणि रात्रभर मीच रडले.
आत्या बाळाचं तेल-अंघोळ सगळं करतात, पण गुटी मधातून चाटवायची म्हणतात, झोपेसाठी जायफळही. लंगोट वाळत नाहीत म्हणून खोलीत शेगडी पेटवतात. हे म्हणतात, एवढं लहान बाळ मला धरता येत नाही.
माझं माहेर गडहिंग्लजजवळ. आई म्हणते, चिऊला दोन-तीन महिने इकडं पाठव. तिला येता येत नाही, घरी तीन म्हशी आहेत. पाठवू का?
आणि कधीकधी मला काहीच वाटत नाही, बाळाकडं बघूनसुद्धा. कुठंतरी निघून जावंसं वाटतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.
– एक आई, फुलेवाडी

तुझं शेवटचं वाक्य मी आधी घेते. चिऊचं, आत्यांचं, ह्यांचं सगळं सविस्तर लिहिलंस आणि स्वतःचं मात्र सही करायच्या आधी, दोन ओळींत. घरातही असंच चाललेलं दिसतंय. सगळ्यांचं उरकल्यावर वेळ उरला तर तुझं.

बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस उगीच रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. तीन महिन्यांनंतरही रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळाकडं बघून काही वाटत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. हा आजार आहे. तू वाईट आई आहेस असा त्याचा अर्थ होत नाही आणि "मन घट्ट कर" म्हणून तो बराही होत नाही. त्याला उपचार आहेत, ते लागू पडतात, आणि बाळाला अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टरांकडं असतात. तुझी प्रसूती केलेल्या डॉक्टरांकडं याच आठवड्यात जा आणि पत्रातल्या त्या ओळी जशाच्या तशा सांग. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांग, कारण त्यांतल्या बिघाडानंही बाळंतिणीला असाच थकवा आणि उदासी येते. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथंही जाता येतं. घराबाहेर पडणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. २०२२ पासून चालू असलेली सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

आणि हे नीट वाच. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला, बाळ झोपलेलं असतानाही रात्र-रात्र डोळा लागेना, नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी, त्याच घटकेला ह्यांना किंवा आत्यांना उठवायचं आणि दवाखाना गाठायचा. तोवर एकटीनं खोलीत राहायचं नाही.

आता तू विचारलेल्या प्रश्नाकडं येते. चिऊला पाठवू नको.

तुझ्या आईचा हेतू चांगला आहे. लेकीचा भार हलका व्हावा एवढंच तिला हवंय. पण हे सगळं चिऊच्या बाजूनं बघ. आई दवाखान्यात गेली आणि एक बाळ घेऊन आली. मांडी बाळाची झाली, आईशेजारची झोपायची जागा बाळाची झाली, लोक येतात ते बाळाला बघायला. आता तिला उचलून गडहिंग्लजला नेऊन ठेवलं आणि बाळ मात्र आईपाशीच राहिलं, तर तिला जी भीती वाटत होती ती खरी ठरली. पावणेतीन वर्षांच्या पोरीला "दोन महिन्यांनी आणायला येतो" म्हणजे काय ते कळत नाही. तिच्यासाठी उद्याच लांब असतो. ती परत येईल तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं होऊन लोळायला, तिची खेळणी ओढायला लागलेलं असेल आणि रुसणं-मारणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. शिवाय मधल्या काळात तू तिच्यासाठी थोडी परकी झालेली असशील, ते वेगळंच.

ती मारते, केस ओढते, चड्डी ओली करते, यातून ती एकच विचारतेय: मी अजून तुझी आहे ना? तिला दुसरं विचारता येत नाही, तेवढे शब्दच तिच्याजवळ नाहीत. याचं उत्तर तिला घरातच, तुझ्याजवळच मिळायला हवं.

म्हणून माझ्या मते सगळ्यात आधी बंद व्हायला हवी ती शेजारणींची चेष्टा. "आता तुझं राज्य संपलं", "आता आई तुझी नाही, बाळाची", "बाळाला आम्ही घेऊन जाऊ का?" आपल्याकडं हे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. बोलणाऱ्या बाईच्या मनात काही नसतं. पण एवढ्या पोरीला चेष्टा कळत नाही, तिला मोठ्या माणसांनी सांगितलेलं सगळं खरंच वाटतं. दिवसातून चार माणसं तिला तुझं राज्य संपलं म्हणून सांगणार आणि पाचव्यांदा आपण तिला बाळावर माया कर म्हणणार, हे कसं व्हायचं? पुढच्या वेळी कुणी म्हणालं की चिऊला जवळ घे आणि तिच्यादेखत हसून सांग, "आमच्या घरात कुणाचंच राज्य संपत नाही, मावशी. चिऊ आमची पहिली आहे." भांडायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. तिला ते ऐकू जायला हवं.

बाळाला बघायला येणाऱ्यांनाही दारातच सांग, आधी चिऊशी बोला. कुणी टोपडी-झबली आणली तर पिशवी तिला उघडू दे. आणि मुलगा झाला म्हणून घरात "वंशाला दिवा आला" असं काही चाललं असेल तर ते तिच्या कानावर पडू देऊ नका. तिच्या वेळी बर्फी आणि ह्याच्या वेळी पेढे वाटले असतील, तर झालं ते झालं, पण इथून पुढं घरात दोन मापं नकोत. तुझे यजमान शिरोलीला जाता-येता कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा बघत असतील. घोड्यावर बसलेल्या राणीचा पुतळा चौकात उभा करणारं आणि अंबाबाईच्या पायांशी जाऊन बसणारं हे गाव आहे. इथल्या घरात पोरीला आपण दुय्यम आहोत असं वाटता कामा नये.

आता पाजण्याची वेळ. तुझ्या घरातली सगळ्यात कठीण वेळ हीच दिसते. तीन महिन्यांचं बाळ दिवसरात्रीत आठेक वेळा पितं, म्हणजे आठेक वेळा चिऊला आई दिसते पण मिळत नाही. त्यासाठी एक पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा कर. तुझ्या जुन्या बांगड्या, कपड्यांचे चिमटे, झाकणं फिरवायच्या मोठ्या रिकाम्या डब्या, एखादी बाहुली, बाहुलीला गुंडाळायला जुनं दुपटं. तिच्या तोंडात मावेल एवढी बारीक वस्तू त्यात नको. हा डबा फक्त तू पाजायला बसलीस की खाली यायचा आणि पाजून झालं की पुन्हा वर जायचा. रोज समोर राहिला तर चार दिवसांत त्याची मजा जाईल. भिंतीला टेकून खाली गादीवर बस, म्हणजे पाठीवर चढायला जागा राहत नाही आणि तुझ्या एका कुशीला तिला टेकता येतं. बसायच्या आधी तिला शू करवून आण, पाणी दे, केळ्याचे चार तुकडे वाटीत ठेव. ती बाहुलीला पाजायला लागली तर हसू नका, पाजू दे. तिनं स्वतः "मला पण" म्हटलं तर रागावू नको. एकदा तोंड लावून बघेल, चव आवडणार नाही, उठून जाईल.

आणखी एक गोष्ट मी सगळ्या आयांना सांगते. दिवसभर चिऊ ऐकते: थांब, बाळ झोपलंय. हळू बोल, बाळ उठेल. आत्ता नको, बाळाला घेतलंय. प्रत्येक वेळी थांबणारी तीच. तर दिवसातून दोन-तीनदा उलटं कर. बाळ पोटभर पिऊन नुसतं कुरकुरत असेल तेव्हा चिऊला ऐकू जाईल असं मोठ्यानं त्याला म्हण, "थांब रे बाळा, मी आत्ता चिऊची वेणी घालतेय." बाळाला काही कळत नाही, अर्धा मिनिट थांबल्यानं त्याचं काही बिघडतही नाही. पण चिऊचा चेहरा त्या वेळी बघ.

मारणं. हात उगारलेला दिसला की तिथंच हात धर, तिच्या डोळ्यांत बघ आणि थोडक्यात सांग: "मारायचं नाही. बाळाला लागतं." एवढंच. लांबलचक बोलणं, बाळाची माफी मागायला लावणं, आत्यांना बोलावून पुन्हा सगळं सांगणं, यातलं काही नको. मग बाळाला बाजूला ठेवून दोन मिनिटं तिला जवळ घे. मारलं म्हणून लाड करतेय असं आत्यांना वाटेल, वाटू दे. तिला रागाचं काय करायचं ते शिकव: उशी दे, उशीला मार म्हण. तू दिलेल्या फटक्याबद्दल तू रात्रभर रडलीस, तेवढं पुरे झालं. सकाळी तिला सरळ सांग, "काल आईनं मारलं, ते चुकलं." या वयाच्या पोरांना हे कळतं.

"तू मोठी आहेस ना, समजून घे," हे वाक्य मात्र घरातून काढून टाका. पावणेतीन वर्षांची पोर मोठी नसते. धाकटं आलं म्हणून ती एका रात्रीत पाच वर्षांची झालेली नाही. स्वतःचा हात आवरणं तिला अजून जमत नाही, म्हणूनच दोघांना एका खोलीत एकटं कधीच सोडायचं नाही, पाणी आणायला जातानासुद्धा. राग नसतानाही ती इजा करू शकते. मायेनं बाळाला भडंगातला शेंगदाणा भरवील. तो शेंगदाणा बाळाच्या नरड्यात अडकेलच, पण तिच्याही अडकू शकतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारी चार-पाच वर्षांपर्यंत पोरांच्या हाती लागू देऊ नका. पाळणा किंवा झोळीही तिला जोरात हलवू देऊ नको.

चड्ड्या ओल्या होतात त्याचं फार मनावर घेऊ नको. धाकटं झाल्यावर बरीच मुलं शिकलेलं काही दिवस विसरतात. महिना-दोन महिने शिकवणी बाजूला ठेव, ओली झाली की न बोलता बदल, लाज आणू नको. फक्त शू करताना दुखतंय म्हणाली, ताप आला किंवा शी कडक होत असेल तर डॉक्टरांना दाखव, ते वेगळं कारण असू शकतं.

जेवणाचं आत्यांवर सोपव. मोबाईल बंद केला की चार-पाच दिवस कमी जेवेल, तेवढं सोसायचं. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते की दोन वर्षांपर्यंत मोबाईल-टीव्हीचा पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांबरोबर. जेवताना तर नकोच, कारण पडद्याकडं बघत गिळणाऱ्या पोराला पोट भरलेलं कळत नाही. आत्यांना काऊचा घास, चिऊचा घास करून भरवता येतंच की. आमटी-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, अंडं, जे घरात होतं तेच. दूध दिवसाला दोन कपांपेक्षा जास्त नको, नाहीतर भूकच मरते.

आता तुझ्या यजमानांविषयी, आणि हे त्यांना वाचून दाखव. पुष्कळ जण सांगतात, थोरलीला बापानं घ्यावं. घ्यावंच, पण नेहमी तसंच झालं तर चिऊला जे हवंय ते मिळतच नाही. तिला आई हवी आहे. म्हणून शिफ्टवरून येऊन, हातपाय धुऊन, कपडे बदलून त्यांनी रोज अर्धा तास बाळाला घ्यायचं आणि तू चिऊला. फाउंड्रीत तापलेलं लोखंड हाताळणाऱ्या माणसाला तीन महिन्यांचं बाळ धरता येत नाही असं होत नाही. मानेखाली एक हात, कुल्ल्यांखाली दुसरा, खांद्याशी घेऊन ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, घरभर फिरवायचं. पाजणं सोडून सगळं बापाला करता येतं. पहिले दोन दिवस बाळ रडेल. तू हातातून काढून घ्यायला धावू नको.

त्या अर्ध्या तासात तू आणि चिऊनं काय करायचं ते चिऊ ठरवेल. भांडी तशीच राहू देत. मोबाईल दुसऱ्या खोलीत. ती म्हणेल बांगड्या लावू, तर बांगड्या. ती म्हणेल नुसतं लोळू, तर लोळा. रोज त्याच वेळेला व्हायला हवं, म्हणजे दिवसभर तिला सांगता येतं, "बाबा आले की आपली वेळ." सुट्टीच्या दिवशी पाऊस उघडला तर त्यांनी तिला खांद्यावर घेऊन रंकाळ्यावर न्यावं. आषाढातली त्र्यंबोलीची यात्रा चालू असेल तर पी-ढबाक वाजंत्री ऐकवायला न्यावं. बाळाचं नाव न काढता, फक्त तिच्यासाठी.

आत्यांबद्दल तुला बोलायला संकोच वाटतो, ते पत्रात दिसलं. तेल, अंघोळ, शेकणं, एवढं सगळं त्या करतात, त्यांचा मान राखूनच बोलायला हवं. पण काही बाबतीत माघार घ्यायची नाही. एक वर्षाच्या आत बाळाला मध अजिबात नाही. मधात अशा जंतूंचे बीजाणू असू शकतात की तान्ह्या आतड्यात ते वाढून विष तयार होतं आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वाससुद्धा अडतो. मोठ्यांना तोच मध बाधत नाही, म्हणून "आमची पोरं वाढली" हे खरं असलं तरी चालणार नाही. झोपेसाठी जायफळ नको. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचं दूध सोडून काही नको, पाणीसुद्धा. काजळ डोळ्यांत नको, गालाला तीट लावायची हौस असेल तर ती चालेल. आणि शेगडी, ही मला सगळ्यात जास्त खटकली. पावसात कोल्हापुरात लंगोट वाळत नाहीत हे खरं, पण बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा वायू नाकाला कळतही नाही आणि झोपेतच माणसाचा जीव जातो. वर चिऊ घरभर पळतेय. शेगडी बाहेर पडवीत, किंवा लंगोट पंख्याखाली दोरीवर. इस्त्री फिरवली तरी उरलेला दमटपणा जातो.

हे सगळं तू सांगितलंस तर "आजकालच्या पोरी" होईल. बाळाच्या लसीचा साडेतीन महिन्यांचा डोस आता आलाच आहे. त्या वेळी आत्यांना बरोबर घेऊन जा आणि मध-गुटीचा प्रश्न त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचार. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की वादच राहत नाही. घरी आल्यावर गुटीच्या जागी त्यांना दुसरं काम दे: दुपारी चिऊला गोष्ट सांगून झोपवायचं. तिला अजून दुपारच्या झोपेची गरज आहे, आणि त्या वेळात बाळ झोपलं तर तूही झोप. धुणं नाही, फरशी नाही.

राहिलं आजोळ. माहेरचा आधार तुला हवाच आहे, पण तो वेगळ्या तऱ्हेनं घे. म्हशींची धार तुझ्या भावाला किंवा शेजाऱ्यांना चार दिवस काढता येईल का, ते आईला विचारायला लाव. जमलं तर तिला एसटीनं इकडं बोलव, आणि आली की तिच्याकडून स्वयंपाक करवून घेण्याऐवजी तिला बाळाजवळ बसव आणि डॉक्टरांकडं जा. गौरी-गणपतीला तू जाशीलच गडहिंग्लजला, तेव्हा दोघांना घेऊन जा. तिथं चिऊ दिवसभर गोठ्यात आजीच्या मागे असू दे, रात्री तुझ्या कुशीत. धारोष्ण दूध मात्र दोघींनीही न उकळता पिऊ नका.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.